निल रिपोर्ट

आपल्या शाळेत रोज रात्री रोल कॉलला हाऊस कॅप्टन ड्युटी मास्टरांना रिपोर्ट देतो. कोणी आजारी नाही, कोणी गैरहजर नाही, काही तुटले-फुटले नाही, अशी रात्र असली तरी रिपोर्ट द्यावाच लागतो. सातवीत असताना मला याची गंमत वाटायची. सांगण्यासारखे काहीच नसेल तर सांगायचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला शाळेत नाही, सुट्टीत मिळाले, आणि तेही थोडी नाचक्की होऊन मिळाले. ती हकिकत आपल्या मराठी पानासाठी लिहीत आहे.

२०२४ च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा झाल्यावर, मी आणि आई बंगळूरला मामांकडे गेलो होतो. बाबा सेनेच्या सिग्नल कोअरमध्ये नायब सुभेदार आहेत. त्यांची बदली तेव्हा पूर्वेकडे होती. नेमके कुठे, ते बाबा सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. फौजी घरातल्या मुलांना हे वेगळे समजवावे लागत नाही.

मामांच्या घराजवळ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर एक हॅकरस्पेस आहे. मामा रविवारी तिथे जातात. हा शब्द ऐकून आजी घाबरली. म्हणाली, "पोराला मिलिटरी शाळेत घातला, आणि सुट्टीत चोऱ्या शिकवताय होय?" मामांनी तिला समजावले, की हॅकर म्हणजे चोर नव्हे. वस्तू उघडून ती कशी चालते हे पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो हॅकर. गावात तालीम असते ना, तशी ही हत्यारांची तालीम. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, ड्रिल मशीन सगळ्यांच्या मालकीचे. कोणीही यावे, शिकावे, शिकवावे, आणि जाताना हत्यार जागच्या जागी ठेवावे. आजीला तालीम पटली. मला तिथला शिस्तीचा बोर्ड पटला. त्यावर लिहिले होते, 'वापरलेली वस्तू परत ठेवा. मोडलेली वस्तू सांगा.'

त्या महिन्यात तिथे एक काम नुकतेच सुरू झाले होते. गच्चीवर अँटेना लावून हवामान उपग्रहांचे फोटो थेट आकाशातून उतरवायचे. इंटरनेटवरून नव्हे, आपल्या कानांनी. हे काम एक निवृत्त गृहस्थ पाहत होते. एका सरकारी कारखान्यात त्यांचे आयुष्य रडारवर काम करण्यात गेले होते. त्यांच्याकडे हॅम रेडिओचा परवानाही होता. सगळे त्यांना अंकल म्हणत. त्यांच्याबरोबर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. कन्नडमध्ये मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मी तिला अक्का म्हणू लागलो. आमचे बोलणे हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चालायचे, इथे मराठीत देतो.

पहिल्या दिवशी अंकलनी माझ्या हातावर बोटाएवढी एक वस्तू ठेवली. पेनड्राईव्हसारखी, एका टोकाला लॅपटॉपला लावायची यूएसबी, दुसऱ्या टोकाला अँटेनाची जागा. ते म्हणाले, "हा रेडिओ आहे." मी इकडे-तिकडे बटणे शोधू लागलो. एकही नव्हते.

ज्या कॅडेटांना याची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या रेडिओत प्रत्येक कामासाठी वेगळा भाग असतो. स्टेशन निवडायला कॉइल आणि कंडेन्सर, नको ते गाळायला फिल्टर, लहरीतून आवाज वेगळा काढायला आणखी एक सर्किट. काम बदलायचे तर सर्किट बदलावे लागते. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओत यातली बहुतेक कामे संगणकाचा प्रोग्रॅम करतो. हा डोंगल फक्त एवढेच करतो, की आकाशातल्या लहरींची एक पट्टी उचलतो, तिचे सेकंदाला सुमारे २४ लाख वेळा मोजमाप घेतो आणि ते आकडे लॅपटॉपला देतो. पुढे तो आवाज आहे, चित्र आहे की विमानाचा ठावठिकाणा, हे प्रोग्रॅम ठरवतो. रेडिओ बदलायचा तर प्रोग्रॅम बदला.

गंमत म्हणजे हा डोंगल संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला होता. त्यातल्या आरटीएल २८३२यू या चिपमधून कच्चे आकडे बाहेर काढता येतात हे हौशी लोकांनी हेरले, आणि २०१२ च्या सुमारास टीव्हीचा हा स्वस्त तुकडा जगभरच्या हौशी मंडळींचा रेडिओ झाला. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत तो ऐकू शकतो. बोलू मात्र शकत नाही. "कान आहे, तोंड नाही," अंकल म्हणायचे. "तोंड हवं असेल तर परीक्षा देऊन परवाना काढ." हॅम रेडिओची परीक्षा आपल्या देशात वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते, हे मला तिथेच कळले.

पहिल्याच संध्याकाळी मी लॅपटॉपवर आकाशवाणीचे १०१.३ मेगाहर्ट्झ लावले. पडद्यावर रंगांचा धबधबा वरून खाली वाहत होता आणि जिथे स्टेशन होते तिथे त्यात जाड उजळ रेघ उमटत होती. आवाज डोळ्यांना दिसतो, हे मी प्रथमच पाहिले. मग मी माऊस इकडे-तिकडे सरकवू लागलो. दूर एका ठिकाणी एक बारीक रेघ मध्येच उमटून नाहीशी होत होती. कोणीतरी वायरलेसवर बोलत असावे. मी त्यावर क्लिक करणार तोच अंकलनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ते तुझ्यासाठी आहे का?"

मी नाही म्हणालो.

"होस्टेलमध्ये दुसऱ्याच्या नावाचं पत्र तुझ्या कॉटवर पडलं तर फोडतोस?"

मी माऊस सोडला. आकाशवाणी सगळ्यांसाठी असते. हवामान उपग्रह आपले चित्र सगळ्यांसाठी खाली सोडतो. विमाने आपली जागा सगळ्यांना कळावी म्हणून १०९० मेगाहर्ट्झवर सांगत असतात. बाकी जे दुसऱ्यासाठी आहे ते परवानगीशिवाय टिपणे हा कायद्याने गुन्हा आहे. यंत्राला सगळेच ऐकू येते, कुठे थांबायचे ते ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. सिग्नलवाल्याच्या मुलाला हे खरे तर आधीच ठाऊक असायला हवे होते.

मग अँटेनाचे काम सुरू झाले. आम्हाला अमेरिकेचे नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९ हे उपग्रह ऐकायचे होते. ते ८०० ते ८७० किलोमीटर उंचीवरून, उत्तर-दक्षिण धावत, सुमारे १०२ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारत. खाली पाहून जे दिसेल ते १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास पाठवत राहत. अंकलनी गणित माझ्याकडून करून घेतले. ३०० भागिले १३७ म्हणजे तरंगाची लांबी सुमारे २.१९ मीटर. त्याचा चौथा हिस्सा साधारण ५५ सेंटिमीटर. धातूच्या दांड्यासाठी त्याहून थोडे कमी घ्यायचे, म्हणून आम्ही ५३ घेतले. असे दोन ॲल्युमिनियमचे दांडे, मध्ये १२० अंशांचा कोन, दोन्ही जमिनीला समांतर. दिसायला इंग्रजी व्ही. एवढाच अँटेना.

सामान आणायला आम्ही एसपी रोडला गेलो. बंगळूरची इलेक्ट्रॉनिक्सची ही जुनी पेठ. बोळाएवढ्या दुकानांत छतापर्यंत डबे, आणि दुकानदार न उठता हवा तो स्क्रू काढून देतो. दांडे, केबल, पिना आणि पंखा जोडताना इलेक्ट्रिशियन वापरतात ती प्लास्टिकची कनेक्टर पट्टी, एवढे घेऊन परतलो. रविवारी, १९ मे रोजी, अँटेना गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एका बांबूवर चढला. कनेक्टर पट्टीत केबल घालून स्क्रू आवळण्याचे काम मला दिले होते. मी ते मन लावून केले, असे मला वाटत होते.

टेबलावर एक लॉगबुक होते. तारीख, उपग्रह, वेळ, आकाशात किती अंशांपर्यंत चढणार, ऐकू आले की नाही, शेरा आणि सही. उपग्रह कधी उगवणार आणि कधी मावळणार हे प्रोग्रॅम आधीच मिनिटासह सांगतो. दिवसाकाठी चांगल्या फेऱ्या मोजक्याच असतात आणि प्रत्येक जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची. चुकली की चुकली.

रविवार संध्याकाळ. निल. सोमवारी वळीव आला. विजा चमकत असताना अँटेना जोडून ठेवायचा नसतो, म्हणून केबल काढून ठेवली आणि तसे लिहिले. मंगळवार सकाळ, निल. मंगळवार संध्याकाळ, निल. आकाशवाणी मात्र खणखणीत लागत होती. अंकल म्हणाले, "उद्या अँटेना उतरवू आणि केबल तपासू. त्याआधी सकाळची नोआ-१५ ची एक फेरी बघून घेऊ. सातच्या सुमारास आहे. कोण येणार?"

अक्काची परीक्षा तोंडावर होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मिलिटरी शाळेचा मुलगा, पाचला उठायची सवय. मी छाती पुढे काढून किल्ली घेतली.

बुधवारी सहाला मी गच्चीवर हजर होतो. लॅपटॉप लावला, हेडफोन घातला, खुर्चीत बसलो. मे महिना असूनही बंगळूरची सकाळ गार असते. वेळ होता, म्हणून जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा साडेसात वाजले होते. उपग्रह येऊन गेलेला, रेकॉर्डिंगचे बटण दाबलेलेच नाही.

मी खाली आलो. लॉगबुक उघडे होते. 'झोपलो' असे लिहायला हात होईना. 'निल' लिहावे तर तेही खोटेच. आणि एक विचार आला, तो आज लिहितानाही लाज वाटते. तीन दिवस कोणालाच काही ऐकू आले नाही, मला आले असे झाले तर? मी लिहिले, 'नोआ-१५. ऐकू आले. कमजोर. अंदाजे ४ मिनिटे.' खाली सही केली. चार ओळींचे खोटे, कोणाचे काय बिघडणार, असे मनाला सांगितले.

बिघडले ते असे. अंकलनी ती नोंद वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "म्हणजे अँटेना ठीक, केबल ठीक. सकाळी येतं, संध्याकाळी येत नाही. दोष संध्याकाळचा आहे." अँटेना उतरवण्याचा बेत रद्द झाला. संध्याकाळी आजूबाजूच्या घरांत एलईडी दिवे आणि चार्जर चालू होतात, त्यांचा गोंगाट लहरींत मिसळतो. शिवाय एफएम स्टेशनांच्या जोरामुळे डोंगल गुदमरतो. दोन्ही कारणे खरी असतात, फक्त इथे लागू नव्हती. खर्चाच्या डब्यातून बाराशे रुपये काढून एफएम अडवणारा फिल्टर आणला. अक्काने गुरुवारी आणि शुक्रवारी परीक्षेचा अभ्यास सोडून त्या घरातला एकेक चार्जर, एकेक दिवा बंद करून गोंगाट मोजला. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहिला. डोंगलला पत्र्याच्या डब्यात बसवले. दोन्ही संध्याकाळी लॉगबुकात निल. मी तिच्यासाठी टॉर्च धरून उभा होतो. दर वेळी वाटे, आता सांगावे. दर वेळी वाटे, आता फार उशीर झाला.

शनिवारी दुपारी बाबांचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाले, "काय चाललंय सुट्टीत?"

मी सांगितले की उपग्रह ऐकतोय. ते एकदम खुशीत आले. आपल्या कामाची गोष्ट मुलगा करतोय म्हटल्यावर कोणत्या बापाला आनंद होणार नाही?

"आला का मग?"

"हो. एकदा आला."

"वा! आवाज कसा होता?"

त्याचा आवाज मी लॅपटॉपवर आधीच ऐकून ठेवला होता. म्हणालो, "घड्याळासारखा. टिक-टॉक."

"उगवताना हळूहळू चढत आला, का एकदम आला? आणि जाताना? मधे मधे तुटत होता का?"

मी गप्प झालो. बाबाही थोडा वेळ गप्प राहिले. वीस वर्षे कानाला हेडफोन लावून काढलेल्या माणसाला गप्प बसणेही ऐकू येत असावे.

"बाळा, ऐकलंस का झोपलास?"

"झोपलो."

"आणि वहीत काय लिहिलंस?"

मी सांगितले. मला वाटले ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "हे बघ. आमच्याकडं ठरल्या वेळी प्रत्येक स्टेशनला हाक मारतात. उत्तर आलं नाही, तर ऑपरेटर 'नथिंग हर्ड' लिहितो. त्या दोन शब्दांवर पुढं माणसं निघतात, लाईन बघायला, सेट बघायला, वेळ पडली तर त्या पोरांना बघायला. त्यानं भीड वाटून 'ऐकलं' लिहिलं, तर कोणी निघणारच नाही. निल रिपोर्ट हा पण रिपोर्टच असतो. त्यात लाज कसली?"

मी "हो" म्हणालो.

"आता ऐक. आज रात्रीपासून इकडं वारं वाढणार आहे. दोन दिवस माझा फोन लागला नाही, तर आईला सांग, घाबरायचं नाही. आणि तू आधी ते निस्तर."

बंगालच्या उपसागरात वादळ तयार होत असल्याच्या बातम्या तेव्हा सुरू झाल्या होत्या. बाबा कुठे आहेत, याचा तेवढा अंदाज मला त्या दिवशी आला.

संध्याकाळी मी हॅकरस्पेसमध्ये गेलो. अंकल आणि अक्का दोघेही होते. मी सावधानमध्ये उभा राहून सगळे सांगितले. दुसऱ्या कोणत्या पद्धतीने सांगायचे ते मला येत नव्हते.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "माझे दोन दिवस," एवढेच म्हणाली आणि आपले पुस्तक घेऊन पलीकडच्या खोलीत गेली. मी अंकलना विचारले, फिल्टरचे पैसे मी भरून देऊ का? ते म्हणाले, "फिल्टर पुढं कधीतरी कामाला येईल. तिचे दोन दिवस तुला भरून देता येणार नाहीत. ते लक्षात ठेव, म्हणजे झालं."

मग त्यांनी लॉगबुक पुढे केले. मी खोडरबर शोधू लागलो. "लॉगबुकाला खोडरबर लावायचा नसतो," ते म्हणाले. चुकीच्या नोंदीवर एक सरळ रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता येईल अशी. तिच्या खाली खरे काय ते लिहायचे, आणि त्या दिवशीची तारीख घालून सही करायची. मी लिहिले, 'झोपलो. निल.'

अंकलनी 'निल' या शब्दावर बोट ठेवले. "निल म्हणजे ऐकलं, आणि काही आलं नाही. तू ऐकलंच नाहीस. हे निल नाही." मी तोही शब्द कापला आणि लिहिले, 'झोपलो. ऐकले नाही.' या दोन गोष्टींत फरक आहे, हे मला तोवर सुचलेच नव्हते. रोल कॉलला सगळे कॉट न पाहता दिलेला 'सब ठीक' आणि पाहून दिलेला 'सब ठीक' ऐकायला सारखेच असतात.

"आता सांग," अंकल म्हणाले. "पाच वेळा ऐकलं, पाचही वेळा निल. सकाळीही, संध्याकाळीही. म्हणजे काय?"

"म्हणजे दोष संध्याकाळचा नाही. आपल्या अँटेनात किंवा केबलमध्ये आहे."

"मग मल्टिमीटर आण."

पाच मिनिटे लागली. केबलच्या मधली तार आणि भोवतीची जाळी यांचा एकमेकींशी संबंध येता कामा नये. या अँटेनाचे दोन दांडेही एकमेकांना कुठे जोडलेले नसतात. म्हणून खालच्या टोकाला तपासले तर मल्टिमीटर गप्प राहायला हवा. त्याचा बझर वाजला. अँटेना उतरवला. कनेक्टर पट्टीत जाळीचा एक केसाएवढा तंतू वाकून मधल्या तारेच्या स्क्रूला टेकला होता. ती पट्टी मीच आवळली होती. आकाशवाणी एवढी जवळ आणि जोरदार, की असल्या केबलमधूनही ऐकू येत होती. साडेआठशे किलोमीटरवरचा दुबळा उपग्रह मात्र तिथेच संपत होता.

तंतू कापला, टोक नीट वळले, पट्टी पुन्हा आवळली. या वेळी अंकलनी तपासली. मी स्वतःच तसे सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, २६ मे. सकाळी नऊच्या सुमारास नोआ-१९ ची फेरी होती, १३७.१०० मेगाहर्ट्झवर. मी साडेसातपासून गच्चीवर उभा होतो. बसलोच नाही. अक्काही आली. माझ्याशी बोलली नाही, पण आली.

ठरल्या मिनिटाला धबधब्यात काही दिसले नाही. मग खरखरीच्या मागे काहीतरी आहे असे वाटले. मग पडद्यावर एक फिकट रेघ. आणि मग, हळूहळू, कोणी लांबून चालत येत असावे तसा तो आवाज चढत आला, टिक-टॉक, टिक-टॉक, सेकंदाला दोन ठोके. प्रत्येक ठोका म्हणजे चित्राची एक ओळ. उपग्रह आपल्याकडे येत असताना सूर किंचित वर असतो आणि दूर जाताना खाली येतो, रेल्वेच्या शिट्टीसारखा. त्यामुळे पडद्यावरची रेघ सरळ नव्हती, वाकत गेली. बाबांच्या प्रश्नांची उत्तरे मला एकेक करून मिळत होती. हळूहळू चढत येतो. मधे दोनदा तुटला, टाकीच्या बाजूला. जाताना खरखरीत विरतो, आणि संपला नक्की कधी, ते सांगता येत नाही.

चित्र उत्तरेकडून ओळीओळीने खाली उतरत होते. हिमालयाच्या कडेची पांढरी पट्टी. मग मैदान. मग उजवीकडे ढगांचा एक प्रचंड, गोल वळलेला पांढरा ढीग उघडत गेला. उपसागराचा वरचा सगळा कोपरा त्याखाली झाकलेला होता. ते रेमल चक्रीवादळ होते. त्याच रात्री ते बंगाल आणि बांगलादेशच्या किनाऱ्यावर आदळले.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत होतो. त्याच्या कडेला कुठेतरी बाबा असणार, आणि त्या क्षणी कानाला हेडफोन लावून कोणत्या तरी स्टेशनला हाक मारत असणार. उत्तर येईल तर 'आले' लिहीत असणार, नाही तर 'नथिंग हर्ड'. त्यांच्या त्या नोंदीवर कोण कोण विसंबून असेल, हे मला प्रथमच नीट समजले.

अक्काने लॉगबुक माझ्याकडे सरकवले. "लिही. तूच ऐकलंस." मी लिहिले, वेळेसह, कुठे तुटला त्यासह. तिने शेजारी सही केली.

बाबांचा फोन दोन दिवस लागला नाही. आईला मी निरोप सांगितला होता, तरी ती रात्री जागी असे. मंगळवारी संध्याकाळी फोन आला. आईशी बोलून झाल्यावर मला एवढेच म्हणाले, "निस्तरलं?" मी म्हणालो, "निस्तरलं. आणि बाबा, उगवताना हळूहळू चढत येतो." ते हसले.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आले. मी बारावीत आहे. ते तीन उपग्रह आता बोलत नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये नोआ-१८, ऑगस्टमध्ये नोआ-१९ आणि शेवटी १९ ऑगस्टला नोआ-१५ यांचे काम थांबवण्यात आले. नोआ-१५ तर १९९८ च्या मे महिन्यापासून फिरत होता, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. तो अँटेना मात्र वाया गेलेला नाही. रशियाचे मिटिऑर उपग्रह त्याच पट्ट्यात चित्रे पाठवतात, आणि डोंगल तोच ठेवून फक्त प्रोग्रॅम बदलावा लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत अंकलनी मला लॉगबुकाच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. २० ऑगस्ट, नोआ-१५ ची सकाळची फेरी. उपग्रह बंद झाल्याची बातमी सगळ्यांना आधीच ठाऊक होती. तरी कोणीतरी गच्चीवर गेले होते, उगवण्याच्या मिनिटापासून मावळण्याच्या मिनिटापर्यंत बसले होते, आणि नोंद केली होती. 'निल. पूर्ण वेळ ऐकले.' खाली अक्काची सही.

त्याच वहीत मागे कुठेतरी माझी रेघ मारलेली नोंद आहे. ती सकाळ आता कोणालाच पुन्हा ऐकता येणार नाही. त्या ओळीपुढे 'ऐकले नाही' असे खरे लिहिलेले आहे, एवढेच माझ्याकडे आहे.

परवा रोल कॉलला सातवीतल्या एका कॅडेटने मला विचारले, "भैया, काही झालेलंच नसताना रिपोर्ट कशाला?" मी त्याला म्हणालो, "आधी सगळे कॉट बघून ये. मग सांगतो."